सहा वाजताचा काळू

आचोळ्यातल्या केबलच्या खोलीत नर्मदेच्या वाट्याला एक स्टूल, एक फोन आणि एक माईक आला होता. फोनवर ती दिवसभर लोकांची बोलणी खायची, कारण कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की तो आधी तिलाच फैलावर घ्यायचा. माईक मिळायचा फक्त संध्याकाळी सहा ते साडेसहा, आणि तोही मेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. त्या अर्ध्या तासासाठी ती उरलेले सगळे तास सोसायची. गिरीजच्या वाडीत केळी सांभाळणारा तिचा नवरा चंद्रहास हे ओळखून होता आणि म्हणून स्कूटरवरून तिला सोडायला-आणायला कधी कुरकुरला नव्हता.

हे सगळं त्र्याण्णव साली सुरू झालं. क्लेमेंट नावाचा वसईचा एक गृहस्थ जहाजावरची नोकरी सोडून घरी आला, तो एक ट्रंक भरून खेळणी आणि सव्वीस व्हिडिओ कॅसेट घेऊन. खेळणी म्हणजे यंत्रमानव. हात-पाय दुमडले की त्यांची गाडी व्हायची. कॅसेटमध्ये त्याच यंत्रमानवांचं कार्टून होतं. क्लेमेंटनं सरळ सांगितलं, "हे कार्टून म्हणजे खेळण्यांची जाहिरात आहे. तुम्ही दाखवा, माझं दुकान चालेल." केबलचा मालक जितेंद्र हा चंद्रहासचा धाकटा भाऊ. फुकटात कार्यक्रम मिळतोय म्हटल्यावर तो कशाला नाही म्हणतोय!

अडचण एकच होती. कॅसेट जपानी भाषेत. पहिल्याच दिवशी पोरांनी फोन करून करून जीव नकोसा केला, हे काय बोलतायत म्हणून. जितेंद्र म्हणाला, "वहिनी, तुम्ही गोष्टी बऱ्या सांगता. आवाज बंद करतो, तुम्ही माईकवर बोला."

नर्मदेनं पडद्याकडे पाहिलं. एक होता पांढराशुभ्र, डोक्यावर सोनेरी मुकुट, सारखा हात करून हुकूम सोडणारा. तो येईल तिथं उंचच उंच इमारती उभ्या राहायच्या. दुसरा होता काळा, बेढब, शिंगं असलेला. तो जमीन खणायचा आणि त्या इमारती पाडायचा. आता त्र्याण्णव साली गिरीजच्या बाईला यातला चांगला कोण हे शिकवायला हवं का? तिच्या वाडीच्या कुंपणाला टेकून रोज एक नवा पांढऱ्या कपड्यांतला माणूस जमिनीचा भाव विचारत उभा राहायचा. तिनं पांढऱ्याचं नाव ठेवलं शेठ आणि काळ्याचं काळू. शेठ विहिरी बुजवायला आलाय, आणि काळू त्या राखतोय. काळूच्या तोंडी तिनं भाषा दिली ती मिठागरावरच्या माणसांची. बंदुकीतून निळा किरण सुटला की काळू ओरडायचा, "घे पानी!"

पोरांनी काळूला असा काही उचलून धरला की बस. कार्यक्रम संपला की खोलीतला फोन वाजायचा आणि शेजाऱ्याच्या घरून, नाहीतर कोपऱ्यावरच्या बूथवरून कुणीतरी विचारायचं, "काळू आहे का?" मग काळू विचारायचा, जेवलास का, भाजी टाकलीस का, आईला उलट बोललास का. क्लेमेंटच्या दुकानात काळे यंत्रमानव हातोहात खपले आणि पांढरे धूळ खात पडले. त्याच्या जहाजावरच्या जुन्या सोबत्यांना हे पटेना. बाकी सगळीकडे पांढराच खपतो म्हणे.

अशी पंधरा वर्षं गेली. कॅसेटच्या सीड्या झाल्या. पहिल्या पोरांना मिशा फुटल्या, त्यांच्या जागी नवी पोरं आली, आणि काळू सहा वाजता तसाच हजर राहिला.

दोन हजार आठच्या मे महिन्यात त्या मिशा फुटलेल्यांपैकी दोघं खोलीवर आले. अनुज आणि जितेश. दोघंही चोवीसचे, मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणारे. अनुजला नर्मदेनं लगेच ओळखलं. नऊ वर्षांचा असताना तो रोज फोन करायचा.

"काकी, एक विचारू?" अनुज म्हणाला. "तुम्हाला माहितीय का, काळू व्हिलन आहे?"

नर्मदेनं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"मी इंटरनेटवर जगभरच्या फॅन्सच्या ग्रुपमध्ये गेलो. तिथं मी लिहिलं की काळू विहिरी राखतो. पानभर लिहिलं. अमेरिकेतले, जपानमधले, सगळे हसले मला. तीन महिने हसत होते." त्याचे कान आत्ताही लाल झाले होते. "पांढरा राजा आहे, काकी. लोकांसाठी शहर वसवतोय. काळा त्याचा संहार करायला आलाय. तुम्ही आम्हाला सगळं उलटं सांगितलंत."

जितेशनं पिशवीतून डीव्हीडीचा चकचकीत संच काढला. त्यांचं पन्नास जणांचं मंडळ होतं. जुनी खेळणी ते शोधून शोधून विकत घ्यायचे आणि डब्याचं सीलही न फोडता काचेच्या कपाटात ठेवायचे. क्लेमेंटच्या दुकानातही आता त्यांच्यासाठी एक काचेचं कपाट झालं होतं. परवाच विनी नावाच्या सहा वर्षांच्या पोरीनं त्यातल्या एका डब्याला बोट लावलं, तर जितेश तिच्यावर एवढा खेकसला की ती दुकानाबाहेर जाऊन रडली. त्यांचं म्हणणं असं की कार्टून आता मूळ संवादांनिशी, गंभीरपणे दाखवायचं. अनुजनं भाषांतर करून आणलं होतं. येत्या रविवारपासून सुरुवात करायची, आणि तीही शेवटच्या भागानं, कारण खरा शेवट लोकांना कळलाच पाहिजे. कार्यक्रमाचा खर्च मंडळ देणार.

"दाखवा की," नर्मदा म्हणाली. "रात्री नऊला दाखवा. मोठी माणसं जागी असतात."

"नऊला पिक्चर असतो, वहिनी," जितेंद्र म्हणाला. "तो काढला तर बायका मला जिवंत सोडायच्या नाहीत. सहाचंच द्यावं लागेल."

"सहा वाजता पोरं बसतात, भावजी."

"पोरं काय, काहीही बघतात," जितेश म्हणाला. "दोन वर्षांत विसरतात. आम्ही विसरलो नाही. हे कार्टून आम्ही जिवंत ठेवलंय, काकी. त्याच्यावर हक्क आमचा आहे."

नर्मदेचं डोकं सणकलं. "डब्याचं सील न फोडता जिवंत ठेवलंत होय? तुम्ही मोठे झालात, त्यात काळूचा काय दोष? तुम्हाला मोठ्यांचं कार्टून हवंय तर मोठ्यांचं शोधा. जगात काय कमी आहेत? हे पोरांचं आहे. जमिनीवर फतकल मारून, खेळणं हातात घेऊन बघायचं. तुम्हीही तसंच बघितलंत."

पण जितेंद्रनं शब्द देऊन टाकला होता. तो नजर चुकवत म्हणाला, "वहिनी, माईक यांचा. तुम्ही फोन सांभाळा." एवढं बोलून तो बिलाच्या वह्या चाळू लागला.

त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून नर्मदा रडली. वाईट वाटलं म्हणून कमी, राग आला म्हणून जास्त.  घरी आल्यावर चंद्रहास म्हणाला, "जितेंद्रनं फोन तुझ्याकडेच ठेवलाय ना?"

"हो."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि मोटार चालू करायला विहिरीकडे गेला.

रविवारी सहाला पाच कमी असताना खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळातले सात-आठ जण काळे टीशर्ट घालून भिंतीला टेकून उभे होते. अनुज माईकसमोर कागद घेऊन बसला. नर्मदेनं स्टूल फोनजवळ ओढलं आणि पदर खोचला.

चित्र सुरू झालं. अनुज छान वाचत होता, नाही म्हणायला सोय नव्हती. त्यानं पांढऱ्याला भारदस्त आवाज दिला. "संहारका, तुझ्या पापांचा घडा भरला आहे. आज या नगरीच्या भट्टीतच तुझा अंत होईल." पडद्यावर काळू मागे मागे सरत होता आणि त्याच्या पाठीमागे भट्टी धगधगत होती.

फोन वाजला.

"काळू आहे का?" आवाज रडवेला होता. "मी विनी. टीव्हीवर तुला मारतायत."

नर्मदेनं एकदा जितेंद्रच्या पाठीकडे पाहिलं. मग तिनं स्वर खाली उतरवला आणि काळूच्या आवाजात, खणखणीत, म्हणाली, "मना कोन मारतंय? मी त इथं चाय पितोय. जेवलीस का तू?"

खोली एवढीशी. माईकनं ते सगळं उचललं. आचोळ्यात, सोपाऱ्यात, जिथं जिथं जितेंद्रची वायर गेली होती तिथं तिथं पांढऱ्याच्या भाषणात काळूचा आवाज घुसला. अनुज अडखळला, ओळ चुकला, पुन्हा मागे गेला.

फोन ठेवला तोच परत वाजला. "हाय हाय, मीच बोलतोय. त्यो? त्यो मी नाय. त्यानं माझे कपडे घातलेत."

"काकी, फोन काढून ठेवा!" जितेश ओरडला.

"का म्हणून? माईक तुमचा, फोन माझा. भावजींनीच वाटणी केलीय." आणि तिनं तिसरा फोन उचलला. "कोन बोलतंय? बोल बाला."

अनुजनं माईकवर तळवा दाबला. तो चिडला होता. "काकी, तुम्हाला जपानी कळत नव्हतं, तुमची चूक झाली, आम्ही समजून घेतलं. पण आता खरं काय ते माहीत असूनही तुम्ही..."

"मला चौथ्या दिवशीच कळलं होतं," नर्मदा म्हणाली.

तिनं रिसीव्हर खाली ठेवला.

"चौथ्या कॅसेटमध्ये काळू पाठीमागून वार करतो आणि पांढरा जखमी पोरांना आगीतून उचलून आणतो. मला काय डोळे नाहीत? पहिले तीन दिवस माझी चूक होती. पण तोवर सगळ्या पोरांनी काळूला आपला म्हटलं होतं. तूसुद्धा. मग मी सांगितलं की आग शेठनंच लावली आणि आता फोटो काढून घ्यायला पोरं उचलतोय. पुढच्या बावीस भागांत त्या काळूच्या एकेक दुष्टपणातून चांगुलपणा काढताना माझी काय दमछाक झाली असेल, तुझ्या अमेरिकेतल्या लोकांना विचार. जे दिसतं ते वाचून दाखवायला काय लागतं?"

"भट्टीचंसुद्धा माहीत होतं?" अनुजचा आवाज खाली आला.

"ती कॅसेट मी आधी घरी नेऊन बघितली. कारण आदल्या दिवशी एका पोराचा फोन आला होता. काळू हरला तर मी शाळेत जाणार नाही म्हणाला. कोण होता तो?"

अनुजचे कान पुन्हा लाल झाले. त्याचा तळवा अजून माईकवरच होता. पडद्यावर काळू भट्टीच्या काठावर पोचला होता. सगळ्या आचोळ्याच्या टीव्हीवर आवाज नव्हता.

"हात काढ, अनुज," ती म्हणाली. "भट्टी आली."

त्यानं हात काढला. जितेश डीव्हीडी बंद करायला पुढे झाला, तेव्हा जितेंद्र पहिल्यांदाच उठला. "आता बंद केलंस तर अख्खी वस्ती माझ्या दारात येईल," तो म्हणाला. "उभा राहा गप."

नर्मदेनं माईक ओढून घेतला.

"पोरांनो, मधे जरा मोठी मानसं बोलत होती," काळू म्हणाला. "त्यांचं झालं. आता माझं आयका. ह्यो शेठ म्हनतोय त्यानं मना ढकलला. खोटा हाय. माझा मीच उतरतोय. एवढा मोठा असून काय करू? तुमच्या खिशात मावत नाय, तुमच्या उशीखाली मावत नाय. म्हनून भट्टीत जातोय, वितळून बारका होतोय. हातात मावेन एवढा. मग मना कुनी कपाटात कोंडायचा नाय. मातीत खेलवायचा, पान्यात बुडवायचा, हात मोडला तर मोडू द्यायचा. आयकलंत ना?"

पडद्यावर काळू भट्टीत उतरला. भिंतीला टेकलेल्या काळ्या टीशर्टवाल्यांपैकी एकाच्या ओठांची हालचाल होत होती. त्याला ती वाक्यं लहानपणापासून पाठ होती. बहुतेक सगळ्यांनाच असावीत.

तेवढ्यात फोन वाजला. नर्मदेचा माईक चालू होता, आणि शेठचं काय झालं ते सांगायचं अजून बाकी होतं. तिनं मानेनंच अनुजला खुणावलं.

अनुजनं फोन उचलला. पलीकडून कुणीतरी विचारलं, "काळू आहे का?"

त्यानं हातातले कागद खाली ठेवले आणि घसा खाकरला.

"हाय ना," तो म्हणाला. "कोन बोलतंय?"