हनुवटीवरची शेंग

नववीत मला माझा चेहरा आवडायला लागला होता, हे आधीच सांगून ठेवते. हनुवटीवरच्या व्रणासकट. सात वर्षांची असताना कामतघरच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात चालू लूममधून धोटा उडून तिथे लागला होता. यंदा स्नेहसंमेलनाचं निवेदन मी केलं. व्रणाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, सगळे माझ्या विनोदांवर खिदळत होते.

आईचं मात्र लक्ष होतं. मे महिन्यात ताईची हळद.

"सगला गाव येनार, व्हिडिओ निंगनार. साफ करून घेऊ ना, बाय."

"मला गरज नाही."

"माझ्यासाठी कर."

तिच्यासाठी केलं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. व्रण पुसला जात नाही, फक्त बारीक होतो. कधी पू धरतो, कधी टाके उसवतात. आणि ज्यांच्या घरात व्रण गाठीसारखे वाढतात, त्यांचा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. "घरात कुणाला आहे असं?"

"न्हाय," आई म्हणाली. मी अठराची नाही, म्हणून सहीसुद्धा तिनेच केली.

हळदीपर्यंत हनुवटीवर जांभळी शेंग उगवली होती. खाजायची, बोलताना ओढ बसायची. मांडवात आक्काआत्याने माझी हनुवटी धरून वर केली.

"आयशीवर गेलीस गो उन्नती. तुझ्या टायमाला तिचा पोट कापला, तिथं असाच दोरखंड हाय. दोनदा काढला, दोनदा वाढला."

डीजे जोरात वाजत होता. मी आईला भांड्यांच्या खोलीत ओढत नेलं.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितला असता तर त्यानं हात लावला असता?"

 आई पदराने डोळे पुसत पाहुण्यांचं जेवण बघायला गेली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद उलटसुलट करत परत तेच विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "आईला. दोनदा काढूनही परत आलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता दर महिन्याला गाठीत इंजेक्शन, खूप दुखेल, आणि तरी पूर्ण बसेल याची खात्री नाही, असं ते आईला सांगू लागले.

"मला सांगा," मी म्हटलं. "सही तिची घ्या. पण आधी मला सांगा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी हो म्हटलं.

सुई टोचताना आईने हात पुढे केला. मी खुर्चीचा दांडा धरला.