हद्दीच्या दगडाचा राग

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मित्रांनो, दगडाला राग येत नाही असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते साफ खोटे आहे.

मला खाणीतून एका गवंड्याने आणले. तेव्हा आमच्या वस्तीला स्वतःची दफनभूमी नव्हती. माणूस गेला की त्याला नदीपलीकडच्या गावात न्यावे लागे, आणि तिथले लोक नाक मुरडत गटाराकडेचा कोपरा दाखवत. गवंड्याच्या वडिलांनाही तोच कोपरा मिळाला. त्या दिवसापासून तो हात धुऊन वस्तीच्या मागे लागला. "मेल्यावर तरी कुणाचे पाय धरायला नकोत," असे सांगत तो दारोदार फिरला. शेवटी सगळ्यांनी मिळून हे माळरान घेतले, काटेरी झुडपे तोडली, वाट केली. जिथे शेजारची जमीन सुरू होते, तिथे गवंड्याने मला रोवले.

कुंपणाचे काम चालू असताना तो माझ्यावर छिन्नी घासून धार लावी. त्यामुळे माझ्या एका अंगाला गुळगुळीत खाच पडली. मला तिचा फार अभिमान होता. "मला ह्याच्याच शेजारी ठेवा, वेगळा दगड नको," असे तो म्हणे. तो गेल्यावर लोकांनी तसेच केले. खाच त्याच्या कबरीकडे आली.

मग त्याची बायको दर आठवड्याला येऊ लागली. तिची नजर गेली होती. काठी टेकत यायची, बसायची आणि खाचेवर हात ठेवून नवऱ्याला घरातले सगळे सांगायची. सुनेने दूध उतू घालवले, हेसुद्धा.

शेजारची जमीन तिच्या मुलाने विकत घेतली आणि तिथे गोदाम बांधले. त्याचा ट्रक वळेना. एका दुपारी दफनभूमीचा राखणदार जेवायला गेला असताना त्याने हमालांकडून पहारीने मला उपटले, कबर ओलांडून दफनभूमीत आत सरकवून रोवले आणि माझ्या जुन्या जागेवर पत्र्याची शेड ठोकली. हमाल म्हणाला, "शेठ, इथं तर तुमचे वडील..."

"आबांना काय कळतंय आता?" शेठ म्हणाला.

मित्रांनो, मला कळत होते. ज्याने मला रोवले त्याच्या छातीवर ट्रक उभा राहत होता, आणि मी नुसता बघत होतो. त्याच दिवशी मी मनाशी ठरवले, की याला सोडायचे नाही.

चोराला घाई असते. त्यांनी मला उलट्या तोंडाने रोवले होते. पुढच्या खेपेस म्हातारी आली, बसली, दोन शब्द बोलली आणि तिचा हात माझ्या अंगावर चाचपडू लागला. खाच सापडली ती नेहमीच्या बाजूला नाही, रस्त्याच्या बाजूला.

"म्हणजे हे काय उठून रस्त्याकडे जाऊन बसले?" ती मोठ्याने म्हणाली.

मुलगा धावत आला. "अगं आई, दगड कधी हलतो का?"

"हलत नाही म्हणूनच विचारते. हलवला कोणी?"

ती उठली, काठीने कबरीची जुनी जागा शोधत शेडमध्ये गेली आणि राखणदाराकडून खुर्ची मागवून मधोमध बसली. बाहेर ट्रक हॉर्न वाजवू लागला.

"आई, बाजूला हो ना. गाडी आत घ्यायचीय."

"घे की. त्यांच्या अंगावर घातलीसच, आता माझ्याही घाल."

दुसऱ्या दिवशीही ती आली. मग वस्तीतल्या बायका आपापली स्टुले घेऊन आल्या. माल बाहेर उन्हात तापत पडला. अखेर शेठने शेड उतरवली.

"हमाल नकोत," म्हातारी म्हणाली. "तू उपटलास, तूच लाव."

सगळ्या वस्तीसमोर त्याने घाम गाळत मला लोटत नेले. जागेवर उभा करताना मी त्याच्या पायावर पडलो. मुद्दाम पडलो का, असे तुम्ही विचाराल. हो, मुद्दाम.

आता ती नवऱ्याशेजारी आहे. शेठ लंगडत येतो, गवत काढतो, पाणी घालतो. लोक म्हणतात, सुधारला. म्हणोत बापडे.

मित्रांनो, तुमच्याही वस्तीत अशी जागा असेल. तिथे अधूनमधून जात जा. झाडलोट करा, दगडांवरून हात फिरवा, ते जागेवर आहेत ना ते बघा. तिथल्या माणसांना तक्रार करता येत नाही.

आईच्या पलीकडे एक जागा अजून मोकळी आहे. परवा शेठ राखणदाराला म्हणाला, "तेवढी माझ्यासाठी ठेवा. आणि हा दगड जरा लांब सरकवता येईल का?"

राखणदार हसला. मला कुठेही जायचे नाही.