पोटरीवर बसलेला डास

"हलू नकोस. डाव्या पोटरीवर बसलाय."

काकांनी सांगेपर्यंत तिला कळलंच नव्हतं. या जंगलातले डास गुणगुणत नाहीत, संध्याकाळचीही वाट बघत नाहीत. भर दुपारी, गर्द सावलीत मागून येतात आणि पायाशी उतरतात. झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात त्यांचा जन्म. पाणी आटलं तरी अंडी आतल्या सालीला चिकटून पुढच्या पावसापर्यंत दम धरतात.

तिचं काम साधं. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून बसायचं. डास उतरला, की सोंड टोचायच्या आत त्याच्यावर काचेची नळी ठेवायची आणि कापसाचा बोळा लावायचा. वस्तीत आलेला ताप या डासांपैकी कुणात आहे, ते प्रयोगशाळा शोधायची. जोडीला बसणारे काका म्हणायचे, "आपण म्हणजे मचाणाखाली बांधलेले पगारी बोकड!"

दुपारच्या सुट्टीत ती धावत घरी जाऊन लेकीला पाजून यायची. आज सुट्टी व्हायला उशीर झाला. छाती ठणकू लागली, रात्रभर जागलेले डोळे क्षणभर मिटले. तेवढंच.

नळी ठेवली तेव्हा डास फुगून लाल झाला होता.

"चावला?"

तिने पोटरीवरचा लाल ठिपका अंगठ्याने दाबून धरला.

"मी काही पाहिलं नाही बघ," काका हळूच म्हणाले. "दे सोडून. लेकरू अंगावर पितंय तुझं. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना कळलं तर तपासणी होईपर्यंत घरी सोडायच्या नाहीत."

तिने नळी उजेडाकडे धरली. बारीक पायांवर चंदेरी पट्टे. घर जंगलाला लागूनच होतं. आपल्याला ताप भरला, आणि असलाच एखादा आपल्याला चावून लेकीकडे वळला तर?

"काका, याला सोडलं तर हा जाईल कुठे हो?"

काकांनी कापूस तिच्यापुढे सरकवला. तिने बोळा घट्ट बसवला आणि नळी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे निघाली.

संध्याकाळी कार्यालयामागच्या खोलीत तिची खाट पडली. खिडकीला बारीक जाळी. सासूबाई लेकीला घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

"अगं, रडून रडून निळी पडलीय पोर. घे की जरा. एवढ्याशा किड्याला काय भ्यायचं?"

"तिथेच थांबा, आई. तपासणी होईपर्यंत अंगावर पाजायचं नाही. आणि तिचा पाळणा झाडाखालून आत घ्या. आजच."

"आत उकडतं गं तिला. सावलीत कशी गाढ झोपते!"

"सावलीतच असतात ते."

सासूबाईंनी दुपटं ओढून लेकीचे पाय झाकले. मग पिशवीतून दुधाची नवी कोरी बाटली काढून तिच्या तोंडाला लावली. लेकीने दोनदा तोंड फिरवलं, जाळीकडे बघून ओठ काढले. शेवटी भुकेपुढे हरली आणि चुटुचुटु ओढू लागली.

भिजत चाललेला कुर्ता ओढणीने झाकून घेत ती म्हणाली, "बाटली जरा तिरकी धरा, आई. वारा जातो पोटात."