बाहेरचे चार दिवस

त्या सकाळी तन्वी कंट्रोल रूममध्ये चहा पीत बसली होती आणि दाजी तिला कुळथाच्या पिठीचे गुण सांगत होते. सावंतवाडीच्या मुलीला पिठी आवडत नाही, याचा दोष दाजी तिच्या शिक्षणाला देत. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातलं हे विजेचं सबस्टेशन. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि तेवढ्या सहज त्यांना सोडायची माझी इच्छा नाही.

दाजी निवृत्तीला आलेले ऑपरेटर. तन्वी नव्याने लागलेली, दाजींच्याच घरात खोली घेऊन राहणारी. दाजींची बायको राधाबाई तिला पोटच्या मुलीसारखं जपायची.

चहा संपता संपता तन्वीची नजर पॅनेलवरच्या पिवळ्या बत्तीवर गेली. खाडीकडे वीज नेणाऱ्या लाइनच्या, म्हणजे फिडरच्या, रिलेची बत्ती होती ती. लाइनवर काही बिघडलं की रिलेला आधी कळतं, आणि तो ब्रेकरला उघडायचा हुकूम सोडतो. ब्रेकर उघडला की लाइन मेली, माणूस वाचला. नवा रिले आणखीही एक काम करतो. हुकूम सोडल्यापासून ब्रेकर उघडेपर्यंत किती वेळ गेला, तो मोजून ठेवतो. हा वेळ पापणी लवायला लागतो त्याच्या निम्मा असावा. तो वाढला की पिवळी बत्ती लागते. पहाटे त्या फिडरवर किरकोळ बिघाड झाला होता आणि ब्रेकर फार रेंगाळून उघडला होता.

"दाजी, हा ब्रेकर खोलून साफ करायला हवा. लाइन बंद ठेवायला साहेबांकडे शटडाउन मागते."

"तां नेहमीचाच आसा गो," दाजी हसले. "राखणदाराक नारळ देतंय. मगे बघ कसो खटाखट चलता तो."

सबस्टेशनच्या फाटकाशी राखणदाराचा, म्हणजे शिवेची राखण करणाऱ्या देवाचा, दगड होता. ब्रेकर अडखळला की दाजी तिथे नारळ फोडत, मग ब्रेकर तीन-चारदा बंद-चालू करून बघत. रिले वेळ मोजायचा. शेवटचा वेळ अगदी चोख यायचा. दाजी बटण दाबून बत्ती विझवायचे आणि दगडाकडे बघून हात जोडायचे.

खरी गोम इथेच होती. खाऱ्या वाऱ्याने ब्रेकरमधलं ग्रीस सुकून घट्ट होतं. बरेच दिवस स्वस्थ राहिलेला ब्रेकर पहिल्या खेपेला अडतो. एकदा हलला की पुढच्या खेपा सुरळीत होतात, मग नारळ फोडा की न फोडा. पण तार तुटून पडते तेव्हा दुसरी खेप मिळत नाही. तन्वीला हे उमगलं होतं. ती फोन उचलणार, तेवढ्यात तिच्या ओटीपोटात कळ आली.

ती पर्स घेऊन न्हाणीघराकडे गेली आणि परतली, तेव्हा दाजींनी नजर वळवली होती.

"घराक जा गो बाय. पडवीत बस. चार दिस हय पाय ठेवू नको. राखणदार कडक आसा."

हा नियम कुठल्या साहेबाने काढलेला नव्हता. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेली तन्वी तो दर महिन्याला पाळत होती. जी माणसं आपल्याला ताटात वाढून देतात, त्यांच्याशी भांडण काढणं कठीण असतं. शिवाय चार दिवस सुट्टी मिळते, असंही तिला वाटायचं. तेही लपवण्यात अर्थ नाही.

"साहेबांना फोन कराल ना, दाजी?"

"करतलंय गो, करतलंय."

पडवीत तिचं अंथरूण, तिचं ताट, तिचा पेला वेगळा. राधाबाई लांबून वाढायची, वरून पाणी ओतायची आणि वर थट्टाही करायची. "खा गो पोटभर. माका मेलीक ह्या वयात कोण बसवून जेवक घालीत नाय." तन्वी हसायची. चौथ्या संध्याकाळी वारा सुटला. "तुका फतफता आवडता मां? अळू काढून हाडतंय," म्हणत राधाबाई मळ्याकडे गेली. दाजी ड्युटीवर होते.

थोड्या वेळाने पडवीतला बल्ब मंदावला.

तो तांबडा झाला, पण विझला नाही. तन्वी ताडकन उठली. लाइनवर काही पडलं असेल, तर बल्ब एव्हाना विझायला हवा होता. तो मिणमिणत राहिला. "उघड," ती पुटपुटली. मग ओरडली, "उघड रे मेल्या, उघड!" आणि एकदम सगळा गाव काळोखात बुडाला. खाडीकडचा ब्रेकर अडकूनच राहिला आणि शेवटी त्याच्या मागचा, सगळ्या गावाचा मोठा ब्रेकर उघडला होता.

माडाची झावळ लाइनवर पडली होती. तुटलेली तार मळ्याच्या तारेच्या कुंपणावर आली, आणि त्या वेळी राधाबाईचा हात कुंपणावर होता. कंट्रोल रूममध्ये दाजी ब्रेकरचं बटण जीव खाऊन दाबत होते. तिकडे कोण आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वीज लगेच तुटली असती, तर धक्का खाऊन ती पडली असती आणि कदाचित उठलीही असती.

हे 'कदाचित' तन्वीच्या मानगुटीवर बसलं ते उतरेना. कुठेही दिवा जरा मंद झाला की ती उभी राहायची. जेवताना पेल्यात वरून पाण्याची धार पडल्याचा आवाज यायचा. वळून बघावं तर पडवी रिकामी असायची. दाजी अळवाच्या वाफ्याकडे पाठ करून बसायचे.

गावाला मात्र कारण सापडलं होतं. आधी लाइनमन निलेश बोलला, मग सगळेच बोलू लागले. चेडू, म्हणजे तन्वी, विटाळात राखणदारापुढून चालत गेलं, म्हणून त्याने बळी घेतला. महिन्याने सगळ्यांनी मिळून देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. तन्वीने दगडापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायची, नाहीतर तिला फाटकातून आत घ्यायचं नाही.

शटडाउन देणारे इंजिनिअर गुरुप्रसाद साहेब मुद्दाम तिला समजवायला आले. "मॅडम, ब्रेकर उत्तम आहे. मी स्वतः चारदा चालवून बघितला. एक नारळ ठेवून टाका, विषय संपेल."

"सर, पहिल्यांदा चालवलात तेव्हाचा वेळ बघितलात?"

तिने रिलेच्या पडद्यावर तो दाखवला. पहिली खेप लांबलेली, पुढच्या तीन चोख. मागच्या प्रत्येक विश्रांतीनंतरही तसंच. साहेबांनी चष्मा पुसला. "गाऱ्हाणं होऊन जाऊ दे. मग शटडाउनचं बघू."

म्हणजे आधी तिने गुन्हेगार व्हायचं, मग ब्रेकरकडे कोणी बघायचं.

गाऱ्हाण्याला फाटकाशी सारा गाव जमला. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकर भाईंनी हात जोडले. "बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"ह्या लेकरान विटाळात तुझी शीव वलांडल्यान. तेची चुकी पदरात घे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

आवाज तन्वीचा होता. होकारासाठी उघडलेली तोंडं तशीच राहिली.

"माझी चुकी झाली, पण ती शीव वलांडल्याची नाय," ती म्हणाली. "बत्ती पेटलेली आसताना मी उठून गेलंय, ती माझी चुकी. आजपण मी भायरच आसंय. आणि आता मी आत जातलंय."

बायका मागे सरकल्या. भाई तांबडेलाल झाले. "दाजी, तुझी बायल गेली. तूच सांग हिका."

दाजींच्या एका शब्दावर तिची नोकरी जाणार होती. दाजी दगडाकडे पाठ करून गावाकडे वळले.

"दिवो मी इजवलंय," ते म्हणाले. "नारळ फोडलंय आणि बटान दाबलंय. सायबाक फोन करूक इसारलंय. राधाक म्हाराजान नेल्यान नाय." त्यांनी फाटकाची कडी काढली.

तन्वी फाटकातून आत गेली. साहेबांनी त्याच दुपारी शटडाउन दिलं. ब्रेकर खोलला तेव्हा आतलं ग्रीस सुकून खरवडून काढण्याजोगं झालं होतं. दाजी बॅटरी धरून शेजारी उभे होते. काम संपत आलं, तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"त्या दिसा मी तुका भायर धाडलंय नसतंय, तर राधा आज आसती मां गो?"

तन्वीला उत्तर ठाऊक होतं आणि ते त्या म्हाताऱ्याला सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं. तुमच्या घरातही आज कोणी पडवीत बसवलेली असेल. तिला आत बोलवायला तुम्ही कशाची वाट बघताय, याचं उत्तर निदान तुम्ही तरी द्या.