वैजयंतीबाईंचं वजन

वाशीला राहायला आल्यानंतर चौथ्या वर्षी वैजयंतीचं वजन वाढायला लागलं. आधी ब्लाउज दंडाला रुतू लागले, मग साबण लावूनही हातातल्या बांगड्या निघेनात. घरचं खाणं तेच होतं, तुर्भ्याच्या शाळेतली नोकरी तीच होती. तिनं भात सोडला, मग साखर सोडली. गुरुवारचा उपास होताच, त्याला सोमवार आणि शनिवार जोडले. उपासाला साबुदाणाही नाही, नुसतं ताक. सकाळी खाडीच्या बाजूनं तासभर चालून यायची आणि आल्यावर चपला न काढता खुर्चीत बसून राहायची. पोळ्या लाटायला उठायचं तर स्वतःचीच समजूत घालावी लागे.

तिचा नवरा कमळाकर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. माणूस वाईट नव्हता. घरात कधी आवाज चढवला नाही, कपडे वाळत घालायचा, दूध आणायचा. बायकोला मदत म्हणूनच त्यानं वजनकाटा आणला आणि फडताळाच्या दाराला आतून आलेखाचा कागद चिकटवला. दर रविवारी अंघोळ झाली की ती काट्यावर उभी राही, तो वाकून आकडा वाचे आणि टोकदार पेन्सिलीनं ठिपका देई. सहा महिन्यांत रेघ खाली यायची ती वर गेली. अडुसष्टची सत्तर झाली, सत्तरची पंचाहत्तर.

एका रविवारी पेन्सिल खाली ठेवत तो म्हणाला, "वैजू, काहीतरी पोटात जातंय. तू लपवतेस असं मी म्हणत नाही. पण जातंय."

"मी खरंच काही खात नाही हो," ती म्हणाली. त्यानंतर चिवड्याचा डबा वरच्या फळीवर गेला, जिथं तिचा हात पोचत नव्हता. पुढं पुढं तिचा तिच्यावरचाच विश्वास उडाला. आपण नकळत, कामाच्या नादात काही तोंडात टाकत असू का? तिनं शेंगदाण्यांच्या बाटलीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली. आठ दिवस झाले तरी शेंगदाणे त्या खुणेवरून हलले नाहीत. ते पाहून तिला बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. कमी झाले असते तर निदान कारण तरी सापडलं असतं.

बाकीच्या गोष्टी तिनं कुणाला सांगितल्या नाहीत, कारण त्यांचा वजनाशी काही संबंध असेल असं तिला वाटलंच नाही. एप्रिलच्या उकाड्यात तिला पंखा सोसेना. केस मुठीनं गळत. आवाज असा घोगरा झाला, की मागच्या बाकावरची मुलं पुन्हा पुन्हा विचारत. वर्षभर शिकवलेल्या पोरांची नावं ऐन वेळी आठवत नसत. वय झालं, असं तिनं धरलं होतं. वय एकोणचाळीस.

वार्षिक परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी ती वर्गात देखरेख करताना खुर्चीतच झोपली. मुलांनी एकमेकांचे पेपर पाहून घेतले. मुख्याध्यापक आले, त्यांनी हाका मारल्या, तरी तिला डोळे उघडायला बराच वेळ लागला. त्यांनी घाबरून कारखान्यात फोन केला. कमळाकर स्कूटर घेऊन आला तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीत बाकावर बसली होती आणि शाळेतली शिपाईण मुक्ताबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मुक्ताबाई तिथल्याच गावची. ती कुणासमोर फारसं बोलत नसे.

कमळाकरनं हळूच विचारलं, की आज डब्यात काय खाल्लं होतंस, जड झालं का?

वैजयंतीच्या आधी मुक्ताबाई बोलली. "साहेब, मना इचारा. तीन वर्सं बाईंचा डबा मी धुते. ह्या वर्साला निसती अर्धी भाकर आनि काकडी, त्यातली बी अर्धी परत. बाई काय बी खात नाय."

कमळाकरनं डबा उचलला आणि बायकोला हाताला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टर सुचित्रा वागळ्यांकडे घेऊन गेला. आलेखाची गुंडाळीही त्यानं बरोबर घेतली होती. डॉक्टरीण वयस्क, कमी बोलणारी. तिनं खाण्याबद्दल विचारलंच नाही. थंडी वाजते का, पोट साफ होतं का, पाळी कशी येते, हे विचारलं. गळा चाचपला, टाचेच्या वर लहान हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला त्यानं नको इतका वेळ घेतला. डॉक्टरणीनं पुन्हा एकदा मारून पाहिलं आणि रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद पडली होती.

"अंगात जे जळायचं, त्याचा वेग ही ग्रंथी ठरवते," डॉक्टरीण म्हणाली. "स्टोव्हची वात खाली गेली आहे. तुम्ही रॉकेल कमी केलंत, त्यानं वात वर कशी येईल?" मग आलेख उलगडून ती कमळाकरला म्हणाली, "रेघ तुम्ही बरोबर काढली आहे. कारण चुकीचं लावलंत."

वैजयंतीनं पदर हातात घट्ट धरला होता. "म्हणजे मी खात नव्हते?"

"नव्हतात."

तेव्हा तिला रडू आलं. आजाराच्या भीतीनं नव्हे. आपण खरं बोलत होतो, हे परक्या बाईकडून कळावं लागलं म्हणून.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. डॉक्टरणीनं आधीच बजावलं होतं, की गोळीनं चार-पाच किलो उतरतील, तेही बरंचसं पाणीच. बाकीचं हळूहळू, आणि कदाचित नाहीच. तसंच झालं. दोन महिन्यांत वजन एकाहत्तरवर आलं आणि तिथंच थांबलं. पण घरात पंखा फिरू लागला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मागच्या बाकापर्यंत तिचा आवाज पोचत होता.

एका दुपारी ती आडवी झालेली असताना कमळाकर पलंगाच्या कडेला येऊन बसला. मग म्हणाला, "मी नीट विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंत," ती म्हणाली. "मी सांगितलेलं तुम्हाला खरं वाटलं नाही."

तिला राग आला नव्हता असं नाही. पण रागाला जोर लागतो, आणि तेवढा जोर अजून अंगात आला नव्हता. तो आल्यावर काय ते बघू, असं तिनं मनाशी म्हटलं.

"चहा तुम्ही टाका," ती म्हणाली, आणि तो आत गेल्यावर तशीच पडून राहिली.