तीन नंबर खोलीतली रात्र

अहल्या बावीस वर्षं उंदीर सांभाळत होती. घडियाळी पोळात, ती राहायची त्या गल्लीत, नव्याने ओळख झालेल्या कुणाला तिने हे सांगितलं, की समोरचं माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरकायचं. मकरपुऱ्याकडच्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत प्राणिगृह तिच्या ताब्यात होतं. उंदरांना नावं द्यायला तिथे बंदी. कानाला नंबर, बस. तरी तीन नंबर खोलीतल्या एका टपोऱ्या मादीला ती मनातल्या मनात कमलाबेन म्हणायची.

फेब्रुवारीत कमलाबेन फुगायला लागली. मग शेजारच्या पिंजऱ्यातल्या फुगल्या. महिना संपेपर्यंत अख्खी खोली गोलमटोल झाली होती.

त्या खोलीत यशश्रीच्या औषधाची चाचणी चालली होती. यशश्री तिशीतली, हुशार, बोलायला मोकळी. तिचं औषध रक्तातली साखर आणि वजन उतरवणारं होतं. निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. आणि वजन मात्र दोघांचंही चढत होतं.

"सोमवारी आपल्या प्रमुखांना, उदयसिंहराव सरांना आकडे द्यायचेत," यशश्री म्हणाली. "प्रोजेक्ट बंदच करतील ते. तुम्ही दाणे जास्त तर घालत नाही ना, अहल्याताई?"

"मॅडम, सकाळी उरलेलं वजन करून लिहिते मी. दोन नंबर खोलीएवढंच खातात. फक्त..."

"फक्त काय?"

"भरदुपारी खातात. दोन नंबरमधले त्या वेळी ढाराढूर झोपलेले असतात."

यशश्रीने मान हलवली खरी, पण लक्ष तिचं आकड्यांत होतं.

रात्री जेवताना अहल्याने हे नवऱ्याला सांगितलं. बाळकृष्ण रिफायनरीतून निवृत्त झालेला, तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस. तो भाकरी मोडता मोडता हसला.

"नाइट शिफ्टला लावलंयस की काय त्यांना? माझं पोट तसंच सुटलं. खाणं तेवढंच, पण अवेळी. पहाटे तीनला टकटकीत उजेडात बसून पोहे खायचे आणि दिवसा डोळे टक्क उघडे. साखरही तेव्हाच लागली मागे."

अहल्याचा घास हातातच राहिला. उंदरांची गोष्ट माणसाच्या उलट. त्यांचा दिवस अंधारात उजाडतो. त्यांना अंधारच मिळत नसेल तर? तीन नंबरचे दिवे सकाळी सहाला लागायचे आणि संध्याकाळी सहाला आपोआप मालवायचे. ती आठला यायची, चारला जायची. अंधारातली ती खोली तिने कित्येक महिन्यांत बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला बाळकृष्णने कुरकुरत स्कूटर काढली. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने अहल्या आत शिरली. दोन नंबरच्या दाराची काच काळीभोर होती. तीन नंबरच्या काचेतून पांढराफटक उजेड बोळात सांडला होता.

भिंतीवरच्या पेटीत टायमरची कळ बाजूला ओढलेली होती, म्हणजे दिवे रात्रंदिवस चालूच. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात वायरमनने काम करताना ती ओढली आणि तशीच ठेवून गेला. सात आठवडे झाले होते. आणि सातही आठवडे 'दिवे तपासले' या रकान्यात रोज एक बरोबरची खूण होती, अहल्याच्या हातची. दिवसा बघायची, दिवे लागलेले दिसायचे, खूण करायची.

कळ सरकवली की संपलं. कुणाला कळणार होतं? ती पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. शेवटी कळ सरकवली, खोली काळी झाली, आणि तशीच ती जिन्यावर बसून यशश्रीची वाट बघत राहिली.

"मॅडम, औषधाचा दोष नाही. दिव्याचा आहे. आणि खूण माझी आहे."

यशश्री सगळं ऐकून तिच्या शेजारी पायरीवरच बसली.

"सात आठवडे वाया," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "म्हणजे औषध चालतंय की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. हो ना?"

"हो."

"मग चला सरांकडे. दोघी जाऊ."

उदयसिंहरावांनी अहल्याला चार शब्द सुनावले. ते तिने खाली मान घालून ऐकले, कारण ते खोटे नव्हते. पण प्रोजेक्ट त्यांनी बंद केला नाही. चाचणी नव्या उंदरांवर पुन्हा करायचं ठरलं. जुने यशश्रीने मागून घेतले. अंधार परत मिळाल्यावर यांचं काय होतं, ते तिला बघायचं होतं.

तपासणीत निघालं ते असं: रात्री शरीरात चढणारं संप्रेरक यांच्यात चढतच नव्हतं, ताणाच्या संप्रेरकाचा रोजचा चढउतार सपाट झाला होता, माद्यांचं ऋतुचक्र बिघडलं होतं. "आत एक घड्याळ असतं, ताई," यशश्रीने समजावलं. "अंधार पडला की ते लागतं. अंधारच नाही, तर पोट, यकृत, झोप, जो तो आपापली वेळ धरून बसतो. साखर मग जिरणार कशी?"

"हे आमच्या ह्यांना कुणीतरी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं," अहल्या म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दिव्यांच्या तक्त्यात अहल्याने दुसरा रकाना आखून घेतला. त्यात संध्याकाळी सात वाजता पहारेकरी काचेतून बघून सही करायचा. पहिले दोन दिवस तो वैतागला, मग त्याची सवयच झाली.

पाच आठवड्यांनी जुन्या उंदरांपैकी बहुतेकांची साखर उतरली. वजनं थोडी घटली, सगळी नाही; काही माद्या तशाच राहिल्या आणि यशश्रीने तेही प्रामाणिकपणे लिहिलं. नव्या चाचणीत औषधाचा गुण दिसू लागला होता, बेताचा, पण खरा.

एप्रिलमधल्या एका दुपारी अहल्या दाणे घालायला तीन नंबरमध्ये गेली. पिंजऱ्यांतून कसलाच आवाज नव्हता. कमलाबेन कागदाच्या कपट्यांत नाक खुपसून गाढ झोपली होती. अहल्याने डबा न वाजवता खाली ठेवला आणि दार हलकेच ओढून घेतलं.