एकसष्टाव्या पानापासून पुढे

छापखान्यात मुद्रितं तपासायला बसून मला एकतीस वर्षं झाली. आमच्या कामात गोष्टीत गुंतायचं नसतं. गुंतलं की चूक डोळ्यांदेखत निसटते. म्हणून मी प्रत्येक पान खालून वर वाचते. गोष्ट गेली चुलीत.

ही कादंबरी आली तेव्हा मी नाकच मुरडलं. डोंगरावरची ओसाड हवेली, रक्त पिणारी बाई, पहिल्या पन्नास पानांत अकरा वादळं, आणि वटवाघळांचं तर विचारूच नका. लेखिका दवाखान्यात नर्स होती, पुस्तक पहिलंच. लाल शाईनं मी तिची पानं रंगवून काढली.

एकसष्टाव्या पानावर हवेलीत शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटात सुई जाते. ती रक्तपिपासू बाई ते बोट हातात घेते, स्वतः थरथरत असते, तरी मुकाट्यानं पट्टी बांधते. मग दोघी एकमेकींचं चुंबन घेतात. ते पान मी वरून खाली वाचलं, आणि मग पुढचंही. शिवणारी म्हातारी होत जाते, दुसरी तशीच तरुण. चाळीस वर्षं तिच्या शेजारी उपाशीपोटी निजते, पण तिला दात लावत नाही, कारण तसा शब्द दिलेला असतो. रोज तिचे पांढरे केस तेवढे विंचरते. इतकं खरं प्रेम मी साध्यासुध्या माणसांच्या कादंबऱ्यांतही क्वचितच वाचलंय. वाचून झाल्यावर मी खूप रडले, आणि गठ्ठा बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेखिका पानं न्यायला आली. मालक बाहेर गेले होते. तिनं उभ्याउभ्याच पानं चाळली आणि एकसष्टाव्यावर थांबली. तिथून शेवटपर्यंत एकही लाल खूण नव्हती.

"इथून पुढे तुम्हाला हातसुद्धा लावावासा वाटला नाही ना?"

"म्हणजे?"

"माझ्या आईनं पण इथवर वाचून वही परत दिली. म्हणाली, त्या दोघींचं पुढे काय झालं ते मला सांगू नकोस." ती गठ्ठ्याची गाठ मारायला लागली. "म्हटलं, परकं माणूस तरी वाचेल. जाऊ दे. नाहीच छापायचं मला."

मी गठ्ठा ओढून घेतला आणि ते पान तिच्यासमोर धरलं.

"हे बघा, हा शब्द दोनदा पडलाय. इथे तर अख्खी ओळ गळलीय. शिकाऊ माणसालाही दिसेल. मालकांना कळलं तर मला घरी बसवतील."

"मग खुणा का नाही केल्या?"

सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. "मी चुका शोधायचीच विसरले हो. वाचत सुटले."

ती माझ्या स्टुलावर बसली.

"शेवटपर्यंत?" तिनं हळूच विचारलं.

"दोनदा," मी म्हटलं.